वाचकांचे प्रश्न : अठरावा होल नेमका कधी ठरतो?

गेल्या काही महिन्यांत सोलापूरहून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे गोल्फच्या मैदानाच्या आखणीसंबंधी आहेत आणि चारही पत्रांचा रोख फेरीच्या शेवटाकडे आहे. त्यामुळे या वेळी त्यांचीच उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून वर्षातील काही महिने मुलाकडे पुण्यात असतो. तेथे साठीनंतर गोल्फ शिकलो. सोलापुरात असलो की मोठ्या स्पर्धांची शेवटची फेरी दूरचित्रवाणीवर न चुकता पाहतो. काही मैदानांवर शेवटचे तीन-चार होल श्वास रोखायला लावतात, तर काही नामांकित मैदानांवर ते अगदी साधे वाटतात. मैदान आखणारा शेवटासाठी उत्तम जागा राखून ठेवतो, की उरेल ती जागा त्याला स्वीकारावी लागते? आमच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज ६८ लिंगांची प्रदक्षिणा करून परततात, तशी गोल्फची फेरीही निघाल्या ठिकाणी परत येते. या परतीच्या वाटेला काही वेगळा नियम असतो का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : आपण दिलेला प्रदक्षिणेचा दाखला मला फार मोलाचा वाटला, कारण मैदानाची आखणी समजून घ्यायची ती योग्य वाट आहे. यात्रेत लिंगांची स्थाने आधीपासून ठरलेली असतात आणि मिरवणूक त्यांना जोडत जाते. गोल्फच्या मैदानात सुरुवातीला ठरलेले ठिकाण एकच असते, ते म्हणजे क्लबहाउस. बाकीची सगळी ठिकाणे आखणाऱ्याने जमीन पायी तुडवून शोधायची असतात. फेरी अठरा होलांची, म्हणजे अठरा टप्प्यांची असते, आणि प्रत्येक टप्पा टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, ग्रीनपर्यंत, म्हणजे चेंडू घालायचे भोक असलेल्या आखूड गवताच्या जागेपर्यंत जातो. पहिल्या होलची टी क्लबहाउसच्या दारात हवी आणि अठराव्या होलचे ग्रीनही तेथेच हवे. नऊ-नऊ होलांची दोन वर्तुळे करायची ठरवली, तर नववे ग्रीन आणि दहावी टी यांनाही त्याच अंगणात जागा द्यावी लागते. म्हणजे पहिला, नववा, दहावा आणि अठरावा हे चार होल क्लबहाउसभोवतीच्या जमिनीला जखडलेले असतात, मग ती जमीन कितीही सपाट वा नीरस असो. पाचवा किंवा तेरावा होल जमीन चांगली असेल तेथे नेता येतो, अठरावा नेता येत नाही.

म्हणून माझे उत्तर असे आहे की, क्लबहाउसची जागा ठरवताना आखणाऱ्याचा शब्द चालला असेल, तरच तो शेवटासाठी चांगली जमीन राखू शकतो. बहुतेक ठिकाणी ही जागा रस्ता, वीज, पाणी आणि दृश्य पाहून आधीच ठरवली जाते, आखणाऱ्याला नंतर बोलावले जाते, आणि शेवटच्या दोन होलांचे भवितव्य त्याने नकाशा उलगडण्यापूर्वीच ठरलेले असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट हे आहे. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेले हे मैदान १९२८ मध्ये खुले झाले. त्याचा सोळावा होल समुद्राच्या खाडीपलीकडे चेंडू टाकायला लावणारा पार-३, म्हणजे तीन फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेला होल आहे आणि जगातील सर्वोत्तम होलांत त्याची गणना होते. सतरावाही समुद्राच्या कडेने जातो. अठरावा मात्र समुद्राकडे पाठ फिरवून, झाडांमधून वाट काढत चढावर क्लबहाउसकडे परततो, आणि अनेक जाणकारांना तो उरलेल्या सतरा होलांच्या मानाने दुबळा वाटतो. मॅकेन्झी यांच्या कौशल्यात कमतरता होती असे कोणीही म्हणणार नाही. समुद्र एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असले, की कोठेतरी समुद्र सोडावाच लागतो.

जुन्या स्कॉटिश मैदानांवर हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूची जी चिंचोळी पट्टी असे, तिच्यावर गावापासून दूर जायचे आणि शेजारून तसेच परत यायचे, अशी तेथील रीत होती. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर १७६४ मध्ये २२ होलांच्या फेरीची १८ होलांची फेरी झाली, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या होलांनी मिळून वापरायची तेथील सात प्रचंड ग्रीन्स या जाण्या-येण्याच्या आखणीची आजही साक्ष देतात. अशा मैदानाचा शेवट वाऱ्याच्या हाती असतो. रॉयल ट्रूनवर बहुतेक दिवशी जाताना वारा पाठीशी असतो आणि येताना तोच समोरून अंगावर येतो. पहिल्या नऊ होलांत वाचवलेले स्ट्रोक, म्हणजे फटके, दुसऱ्या नऊत एकेक करून परत द्यावे लागतात, आणि थकलेल्या खेळाडूला शेवटचे होल कागदावरील यार्डांपेक्षा कितीतरी लांब वाटतात. तेथे शेवट कठीण करण्यासाठी कोणी वेगळे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खणायची गरज नव्हती. दिशेनेच ते काम केले.

या अडचणीवर स्कॉटलंडमधील म्युअरफील्डने काढलेला मार्ग मला आखणीशास्त्रातील सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटतो. १८९१ मध्ये ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरो गोल्फर्स हा जुना क्लब तेथे गेला आणि पुढे १९२० च्या दशकात हॅरी कोल्ट यांनी मैदानाला आजचे रूप दिले. पहिले नऊ होल बाहेरच्या कडेने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरून क्लबहाउसला परततात, तर दुसरे नऊ त्या वर्तुळाच्या आत उलट दिशेने फिरतात, आणि सलग तीनहून अधिक होल कधीच एका दिशेने जात नाहीत. वारा कोठूनही वाहो, तो प्रत्येक बाजूने अंगावर घ्यावा लागतो. शेवटच्या टप्प्याला वाऱ्याचा ना अन्याय सोसावा लागतो, ना आयते दान मिळते.

दोन वर्तुळांच्या आखणीचा आणखी एक लाभ असा की, शेवट पटला नाही तर तो बदलता येतो. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलवर १९३४ मध्ये, आज मास्टर्स म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा दोन्ही नऊंचा क्रम आजच्या उलट होता. आज अकरावा, बारावा आणि तेरावा म्हणून गाजलेले तीन होल त्या वर्षी दुसरा, तिसरा आणि चौथा म्हणून, खेळाडूंचे हातही पुरते सैल झालेले नसताना, खेळले गेले. पुढच्या वर्षी क्रम बदलला आणि सखल भागातील ते पाण्याकाठचे होल रविवारच्या दुपारी, निकाल ऐरणीवर असताना येऊ लागले. अलीकडे अटलांटाच्या ईस्ट लेकवर हेच घडले. तेथील अठरावा होल पार-३ होता, त्यामुळे पिछाडीवरच्या खेळाडूला मोठी झेप घेण्याची संधी फारशी उरत नसे. २०१६ पासून टूर चॅम्पियनशिपसाठी दोन्ही नऊंची अदलाबदल करून शेवट पार-५ वर आणण्यात आला. एकही ग्रीन न हलवता केवळ फलकांवरचे आकडे बदलून फेरीचा स्वभाव पालटला, यावरून क्रमाचे सामर्थ्य लक्षात यावे. सेंट अँड्र्यूजला किंवा कॅलिफोर्नियातील पेबल बीचला असे करता येणार नाही, कारण तेथे नववे ग्रीन क्लबहाउसपासून दूर आहे.

पेबल बीचचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही, कारण आपल्या प्रश्नातील ‘राखून ठेवणे’ तेथे खरोखर घडलेले आहे. १९१९ मध्ये खुल्या झालेल्या त्या मैदानाची जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट यांनी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंफण केली, आणि त्यामुळे चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे बहुतेक होल समुद्राच्या बाजूने जाऊनही सतराव्या व अठराव्यासाठी किनारा शिल्लक राहिला. याची किंमत अकरावा ते सोळावा या सहा होलांनी दिली आहे. ते किनारा सोडून आत वळतात आणि त्यांची आठवण फार थोड्यांना राहते. मला हा सौदा योग्य वाटतो. शिवाय अठरावा होल मुळात ४०० यार्डांहूनही आखूड पार-४ होता, आणि हर्बर्ट फाउलर यांनी काही वर्षांतच तो लांबवून पार-५ केला. आखणीने जागा योग्य दिलेली असली, की होल नंतरही सुधारता येतो. जागाच चुकीची असली, तर सुधारणा वरवरच्या राहतात.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात नेहमी वाद होतो. शेवटचा होल सर्वांत कठीण असला पाहिजे, असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— दोन वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : माझे मत याच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे पहिले कारण गणिताचे आहे. गोल्फ दीर्घ काळ मुख्यतः दोघांमधील सामना म्हणून खेळला गेला, आणि त्यात एकेक होल जिंकायचा वा हरायचा असतो. दोन होल शिल्लक असताना एकाकडे तीन होलांची आघाडी असेल, तर सामना सोळाव्या ग्रीनवरच संपतो आणि अठराव्याचे तोंडही कोणी पाहत नाही. जुन्या आखणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. सगळा दारूगोळा अठराव्यासाठी साठवला, तर बहुसंख्य सामने तो न उडताच संपतील. म्हणून चौदाव्यापासून सतराव्यापर्यंतचा पट्टा हाच माझ्या दृष्टीने खरा शेवट आहे.

दुसरे कारण असे की, केवळ कठीण होल एकाच दिशेने निकाल लावतो. तेथे आघाडीवरचा खेळाडू घसरू शकतो, पण मागचा वर येऊ शकत नाही. सेंट अँड्र्यूजचा शेवट याच दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तेथील सतरावा, म्हणजे रोड होल, सुमारे ४९५ यार्डांचा पार-४ असून त्याच्या ग्रीनला एका बाजूने खोल बंकर आणि दुसऱ्या बाजूने प्रत्यक्ष रस्ता चिकटलेला आहे. त्याच्यामागून येणारा अठरावा सुमारे ३५७ यार्डांचा आहे, त्याच्यावर एकही बंकर नाही, आणि त्याची फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधला कापलेल्या गवताचा पट्टा, पहिल्या होलच्या फेअरवेशी एकजीव झाल्याने एखाद्या गावठाणासारखी रुंद आहे. १९८४ च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटनमधील जुन्या खुल्या स्पर्धेत, टॉम वॉटसन यांचा चेंडू सतराव्याच्या ग्रीनपलीकडे रस्त्यावर गेला, आणि त्याच सुमारास पुढे अठराव्यावर सेव्ह बायेस्तेरोस यांनी एक स्ट्रोक कमवला. एका होलने घेतले, दुसऱ्याने दिले, आणि दोन्ही गोष्टी जवळपास एकाच क्षणी घडल्या. हा परिणाम कठीण आणि सोप्या होलांच्या शेजारामुळे साधला.

सोपा होल निकाल लावत नाही, असेही समजू नये. १९७० मध्ये याच अठराव्यावर डग सँडर्स यांना ओपन जिंकण्यासाठी पार पुरेसा होता. जेमतेम तीन फुटांचा पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे घरंगळवायचा फटका, त्यांच्या हातून हुकला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा खेळात, जॅक निकलॉस एका स्ट्रोकने जिंकले. १९९५ मध्ये कोस्तांतिनो रोक्का यांचा दुसरा फटका ग्रीनपुढच्या खळग्यात अडकला, आणि मग त्याच खळग्यातून त्यांनी लांबलचक पट घालून प्लेऑफ गाठला. याउलट स्कॉटलंडमधील कार्नूस्टीचा अठरावा खरोखर कठीण आहे, कारण बॅरी बर्न हा ओढा तेथे नागमोडी वळणे घेत पुन्हा पुन्हा आडवा येतो. १९९९ मध्ये ज्याँ व्हान द वेल्दे तीन स्ट्रोकची आघाडी घेऊन त्या टीवर उभे होते. त्यांनी तेथे सात स्ट्रोक घेतले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी विजयी झाले. तो प्रसंग विसरता येत नाही हे खरे, तरी दर रविवारी असा शेवट पाहावा असे मला वाटत नाही.

आपल्या मंडळातील कठीण शेवटाच्या बाजूने उभ्या असलेल्या मित्रांना मी फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रास या मैदानाचा क्रम डोळ्यांसमोर आणायला सांगेन. पीट डाय यांनी १९८० मध्ये दलदलीच्या सपाट जमिनीवर तयार केलेल्या या मैदानात निसर्गाची देणगी फारशी नव्हती. त्यामुळे शेवटही त्यांनी स्वतः घडवला. सोळावा पार-५ धाडस करणाऱ्याला फळ देतो, सतरावा केवळ १३७ यार्डांचा असला तरी त्याचे ग्रीन चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले आहे, आणि अठराव्याच्या डाव्या अंगाला टीपासून ग्रीनपर्यंत तळे आहे. संधी, धोका आणि कसोटी असा तो क्रम आहे. यातला कोणताही एक होल उचलून दुसरीकडे ठेवला, तर त्याचे निम्मे बळ जाईल.

प्रश्न : बऱ्याच मैदानांवर शेवटचा होल चढाचाच का असतो?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : क्लबहाउस उंचावर बांधले जाते म्हणून. उंचावर हवा खेळती राहते, पाणी साचत नाही आणि सगळे मैदान दिसते. ऑगस्टाचा अठरावा होल याच कारणाने चढाचा आहे. चढ फार झाला तर ग्रीनचा तळ दिसत नाही आणि दमलेल्या खेळाडूला चालणेही जड जाते. म्हणून कुशल आखणारा चढाचा मोठा भाग सोळाव्या-सतराव्या होलांत किंवा दोन होलांमधल्या पायवाटेत थोडा थोडा संपवून टाकतो.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र असून आमच्यापैकी दोघे स्थापत्य अभियंते आहोत. सोलापूरबाहेर आमची सुमारे ६० एकर कोरडवाहू जमीन आहे. ती पूर्व-पश्चिम अंदाजे ६५० मीटर आणि दक्षिणोत्तर ३७० मीटर आहे. पश्चिमेकडचा भाग उंच आणि मुरमाड आहे, मधून दक्षिणोत्तर ओढा वाहतो, आणि ओढ्यापलीकडे पूर्वेला रस्त्यापर्यंत काळी जमीन आहे. तेथे नऊ होलांचे मैदान करावे आणि क्लबहाउस रस्त्यालगत बांधावे, असा विचार आहे. शेवटचा होल चांगला व्हावा यासाठी काय पाहावे?
— तीन मित्र, सोलापूर

उत्तर : आपण क्लबहाउस बांधण्यापूर्वी विचारले, याचा मला मनापासून आनंद झाला. नऊ होलांच्या मैदानावर पुरी फेरी करायची तर तेच होल दोनदा खेळतात. म्हणजे आपला नववा होल हाच अठरावाही ठरणार आहे, आणि त्याची जागा चुकली तर ती चूक प्रत्येक फेरीत दोनदा भोवेल.

प्रथम सूर्याचा विचार करू. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात सूर्य पश्चिमेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे मावळतो आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तितकाच दक्षिणेकडे. शेवटचा होल या ५० अंशांच्या पट्ट्याकडे तोंड करून असेल, तर संध्याकाळी चेंडू कोठे पडला हे खेळाडूला दिसणार नाही. उगवतीकडे पहिल्या होलचीही तीच गत होईल. थंड देशांतील जाणकार संध्याकाळच्या उन्हावर अधिक भर देतात, परंतु आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि खेळणारे पहाटे निघून आठ-साडेआठपर्यंत परततात. म्हणून पहिल्या होलची दिशा आपल्याला शेवटच्या होलइतकीच जपावी लागेल.

या कसोटीवर आपली रस्त्यालगतची जागा वाईट ठरत नाही, कारण पहिला होल पश्चिमेकडे आणि नववा पूर्वेकडे जाईल, आणि सकाळी निघताना व संध्याकाळी परतताना सूर्य पाठीशी राहील. अडचण आहे ती जमिनीची. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सर्वाधिक वर्दळीचे जे ठिकाण, म्हणजे पहिली टी आणि नववे ग्रीन, तेच नेमके सर्वांत त्रासदायक जमिनीवर येईल. मुरमाड उतार तोवर मधल्या होलांसाठी खर्ची पडलेला असेल.

म्हणून मी असे सुचवतो की, क्लबहाउस ओढ्याच्या पश्चिमेस, मुरमाड उताराच्या उत्तर टोकाला न्यावे. उत्तरेच्या बांधालगत काही शे मीटर रस्ता आणि ओढ्यावर एक लहान पूल बांधावा लागेल. हा खर्च मला दिसतो आहे, तरीही तो करावा असेच मी म्हणेन. पहिला होल तेथून उताराच्या वरच्या अंगाने दक्षिणेकडे जाऊ द्यावा. नववा होल दक्षिणेकडून उत्तरेकडे, ओढ्याला समांतर, सुमारे ३०० मीटरचा पार-४ म्हणून परत आणावा. उन्हाचा त्रास मग दोन्ही होलांना उरत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून वाहतो, तो नवव्यावर डावीकडून येऊन चेंडूला उजवीकडच्या ओढ्याकडे ढकलेल, आणि आखूड असूनही त्या होलला धार येईल. ओढ्याच्या काठाने चेंडू मारणाऱ्याला ग्रीन उघडे दिसेल आणि डावीकडे सुरक्षित मारणाऱ्याला ते तिरपे मिळेल, अशा रीतीने ग्रीनचे तोंड वळवावे. हिवाळ्यात वारा पूर्व-ईशान्येकडून मंदपणे येतो, तेव्हा याच होलवर वेगळा फटका निवडावा लागेल.

नवव्याची टी दक्षिण टोकाला आली, म्हणजे आठवा होलही जवळजवळ ठरतोच. काळ्या जमिनीवरचे चार-पाच होल फिरून खेळाडू ओढ्याच्या पूर्व काठावर येईल. तेथून नैऋत्येकडे, ओढा ओलांडून उतारावर जाणारा १४०-१५० मीटरचा पार-३ ठेवावा. ओढा उन्हाळ्यात कोरडा पडला तरी खुंट्यांनी त्याची हद्द आखून घेता येते, त्यामुळे होलचा अर्थ बदलत नाही. सॉग्राससारखे चहूबाजूंनी पाणी आपल्याला नको, आणि परवडणारही नाही. एकदा ओढा ओलांडणे आणि मग त्याच्या कडेने घरी येणे, एवढे पुरेसे आहे.

एका धोक्याकडे मात्र लक्ष द्यावे. पहिला आणि नववा होल शेजारी-शेजारी आणि विरुद्ध दिशांनी जात असल्याने त्यांच्या मध्यरेषांत साधारण ६० मीटर अंतर हवे. नवशिक्या उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू बहुधा उजवीकडे जातो. नवव्यावर तो ओढ्यात जाईल, पण पहिल्यावर पश्चिमेच्या बांधाकडे जाईल आणि पलीकडे कोणाचे शेत असेल तर तेथे काम करणाऱ्या माणसांना इजा होऊ शकेल. त्या बाजूलाही तेवढेच अंतर मोकळे ठेवावे. नवव्यावर दोन टी बांधाव्यात, म्हणजे दुसऱ्या वेळी थोडे मागून आणि ओढ्याच्या अधिक जवळून खेळता येईल आणि अठरावा म्हणून त्याला स्वतःचे रूप मिळेल.

खुंट्या ठोकताना पहिल्या टीपासून आरंभ करू नये. आधी नवव्या ग्रीनची जागा निश्चित करावी, तेथून मागे चालत नवव्याची टी आणि आठव्याचे ग्रीन शोधावे, आणि मग उरलेल्या होलांकडे वळावे. त्याआधी एक पावसाळा जाऊ द्यावा. भर पावसात ओढ्याचे पाणी कोठवर चढते हे शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून ती रेषा नकाशावर उतरवून घ्यावी, आणि नवव्या ग्रीनची पहिली खुंटी त्या रेषेच्या वर, मुरमात ठोकावी.